परीक्षेआधी आलेली बाई

आमची वहिनी केस कापते आणि बोलते. त्यातलं दुसरं काम ती जास्त मन लावून करते, असं दादा म्हणतो. जीव द्यायला निघालेल्या माणसाला ओळखून सावरायचं कसं, याचं प्रशिक्षण एका संस्थेने पार्लरवाल्या बायकांना दिलं. वहिनीही गेली. संशय आला तर आडपडदा न ठेवता सरळ विचारायचं आणि मग गप्प बसायचं, असं तिथे शिकवलं. वहिनी आणि गप्प! मला हसूच आलं होतं.

शिकलेलं कितपत टिकलंय हे पाहायला संस्था पुढे कधीतरी एक खोटं गिऱ्हाईक पाठवणार होती, तेही न सांगता. वहिनीने त्याचा धसकाच घेतला. मी शेजारच्याच खुर्चीवर काम करते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

एका सकाळी एक बाई आली. केस चांगले लांबसडक. "सगळे कापून टाका," म्हणाली, "आता ठेवायचे कोणासाठी?"

वहिनीने आरशातून मला डोळा मारला. परीक्षा आली होती. तिने कात्री खाली ठेवली, खुर्ची आपल्याकडे वळवली आणि विचारलं, "ताई, जीव द्यायचा विचार येतो का मनात?"

बाई गप्प. वहिनीही गप्प. तिला इतका वेळ तोंड मिटून बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. अखेर बाई "हो" म्हणाली आणि रडायला लागली. घरी गोळ्या जमवून ठेवल्यात, तेही बोलली. वहिनीने तिच्याच फोनवरून तिच्या बहिणीला बोलावून घेतलं, गोळ्यांचं सांगितलं, बहिणीचा नंबर घेतला आणि ती येईपर्यंत बाईचा हात सोडला नाही.

दोघी गेल्यावर मला म्हणते, "काय काम करते गं! संस्थेने बहीणसुद्धा नेमलीये."

दुपारी दुसरी बाई आली. खुर्चीत बसून तिने उसासा टाकला आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "मला जगण्यात काही अर्थच वाटत नाही."

वहिनीचा कंगवा थांबला. "तुम्ही संस्थेच्या का?"

बाई गोंधळून "हो" म्हणाली.

म्हणजे सकाळची खरी होती. आपण केवढी मोठी गोष्ट पाहिली, हे मला तेव्हा कळलं. गिऱ्हाइकाला एकटं सोडून उठायचं नाही, हा पहिला नियम. तोच मोडून वहिनी फोनकडे धावली आणि त्यावरच पुढे नापास झाली.

"गोळ्या?" तिने एवढंच विचारलं.

"सगळ्या काढून घेतल्या," पलीकडून बहीण म्हणाली. "डॉक्टरांकडे बसलोय आम्ही. ही शेजारीच आहे. फोन देऊ का?"

"द्या," वहिनी म्हणाली.