सामोआ, कंबोडिया आणि माझे बाबा

अख्ख्या आयर्लंडमध्ये सामोआ आणि कंबोडिया या दोन देशांतून आलेल्या लोकांची काळजी करणारा एकच मराठी माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मैत्रिणीचा नवरा निघाला. दोघी एकाच ऑफिसात, एकाच टीममध्ये, आणि घरंही डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात एकाच आवारात समोरासमोर, त्यामुळे त्याला टाळायची काही सोयच नव्हती. तो पुण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अकरा वर्षं अर्थशास्त्र शिकवत होता. बायकोला इकडे नोकरी लागली तेव्हा तासिका आणि तत्त्व दोन्ही सोडून तो तिच्या मागोमाग डिपेंडंट म्हणून आला. असे नवरे इथे आणखीही आहेत, पण ते विचारल्यावर 'सध्या काही ऑप्शन्स बघतोय' असं पुटपुटतात. हा मात्र छाती पुढे काढून सांगायचा, "बायको कमावते, मी तुलना करतो."

तुलनेचं असं होतं, की फार वर्षांपूर्वी त्याच्या पीएचडीच्या गाइडने त्याला विषय दिला होता: परक्या शहरात स्थायिक झालेल्या सामोअन आणि कंबोडियन कुटुंबांची सामाजिक व आर्थिक स्थिती, एक तौलनिक अभ्यास. का दिला, ते गाइडलाच ठाऊक. पुण्यात एक सामोअन दिसेल तर शपथ. पुढे गाइड निवृत्त झाला, पीएचडी राहिली, पण विषय काही याच्या अंगातून गेला नाही. डब्लिनला उतरल्यावर लोक आधी भारतीय किराण्याचं दुकान शोधतात. याने दहा दिवसांत टॅला या उपनगरात राहणारं एक सामोअन कुटुंब आणि एका टेकअवेच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक कंबोडियन बाई शोधून काढली. मी म्हणालो, "अरे, एक घर आणि एक बाई, यावर कसला अभ्यास होणार?" तर म्हणाला, "पुण्यात शून्य होते. त्या मानाने ग्रँड आहे."

हे 'ग्रँड' त्याने आल्या आल्या उचललं होतं. हवा ग्रँड, वरण ग्रँड, जुलै महिन्यात कानटोपी घालून फिरायचा तीही ग्रँड. मोठं बांधीव रजिस्टर काखेत, त्यात प्रत्येक पानावर मधोमध रेघ, आणि डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. दोन दुकानांतलं दही, दोन बसड्रायव्हर, आमच्या घरचा चहा आणि त्यांच्या घरचा चहा. (आमचा हरला.) लुआस म्हणजे इथली ट्राम, तीत शेजारी बसलेल्या माणसाला तो दोन स्टेशनांत गाव, भावंडं आणि घरी स्वयंपाक कोण करतं एवढं विचारून मोकळा व्हायचा, आणि इथली तोंडातून शब्द न काढणारी माणसंही त्याला सगळं सांगून टाकायची. मी इथे आठ वर्षं आहे. माझ्या मजल्यावरच्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. तळमजल्यावरच्या आयरिश आजी मला लांबून मान हलवायच्या, आणि त्याला तिसऱ्या महिन्यात रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा जॅम पोचता झाला. बायको म्हणाली, "बघ, माणसं जोडणं याला म्हणतात." मी तो जॅम खाल्ला नाही. चांगला होता म्हणे, सगळ्यांनी सांगितलं.

इथवरचा हेवा मी सहन केला असता. पण दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत माझे बाबा तीन महिन्यांसाठी आले. आई गेल्याला दोन वर्षं झाली होती, गावी आर्वीच्या घरात एकटे होते, मीच आग्रह केला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी, वय बहात्तर. महिनाभरात सगळं बंद झालं, विमानं थांबली, आणि सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही असा हुकूम निघाला. मी बेडरूममध्ये दिवसभर कॉलवर, बायको हॉलमध्ये कॉलवर, मुलगी स्वयंपाकघरात शाळेच्या कॉलवर. बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे बघत बसत. मला ते दिसायचं. मी स्वतःला सांगायचो, सॉफ्टवेअरचा हा एक रिलीज होऊ दे, मग बोलू.

एके दिवशी दुपारी खालून हाक आली, "काका! तुम्ही जनगणनेचं काम केलंय का हो?"

हा कानटोपीवाला अंगणात उभा. बाबा तिसऱ्या मजल्यावर. बाबा उठून कठड्याशी गेले आणि ओरडले, "तीन! तीन जनगणना केल्या म्या! काहून?"

त्या दिवसापासून रोज दुपारी चारला हे सुरू झालं. तो खालून प्रश्न विचारायचा, बाबा वरून उत्तर द्यायचे. प्रश्नावली कशी करावी, बाईमाणसाला काय विचारावं, काय विचारू नये, घरात माणसं किती हे न विचारता ताटं किती मांडता हे कसं विचारावं, सगळं खणखणीत वऱ्हाडीत. सगळ्या आवाराने ऐकलं. माझ्या मॅनेजरनेही ऐकलं. कॉल थांबवून त्याने विचारलं, घरी भांडण चाललंय का? मी म्हणालो, नाही, वडील बोलताहेत. हे सांगताना माझ्या लक्षात आलं, की बाबांना इतकं बोलता येतं हे मलाच नवीन होतं. तीन जनगणना केल्याचंही मला तेव्हाच कळलं.

मे महिन्यात म्हाताऱ्यांना फिरायची परवानगी मिळाली आणि बाबा चारच्या आधीच बूट घालून दाराशी उभे राहू लागले. बेल वाजली की माझी मुलगी ओरडायची, "आजोबा, युअर मॅन इज हिअर!" तिला मराठी समजतं, उत्तर देते डब्लिनच्या इंग्रजीत. 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत आपला तो अमुक माणूस. मला तो शब्द टोचायचा. माझा कसला, तो बाबांचा माणूस होता. दोन मीटरचं अंतर राखून दोघं निघायचे, बाबा पुढे, हा मागून रजिस्टर घेऊन.

जूनमध्ये तो ते रजिस्टर आमच्या चपलांच्या कपाटावर विसरून गेला. दुसऱ्याचं वाचू नये हे मला बाबांनीच शिकवलंय. मी वाचलं. सामोआ-कंबोडियाच्या आधी त्याने प्रश्नावली चाचणीदाखल बाबांवर चालवून पाहिली होती. स्थलांतराचं कारण: मुलगा इथे आहे. परत जाण्याची इच्छा आहे का: मुलगा इथे आहे. दिवसात घरातल्या कोणाशी, किती वेळ बोलता: सून, सकाळच्या चहाला. नात इंग्रजीत बोलते, मी मराठीत, जमतं. मुलगा कामात असतो. चांगला आहे.

ते 'चांगला आहे' वाचून मी तसाच खाली उतरलो आणि त्याच्या दारात उभा राहून नको ते बोललो. माझ्या बापाचा सर्व्हे करायचा तुला काय अधिकार, तुला उद्योग नाही म्हणून, बायकोच्या पगारावर, वगैरे. हा शेवटचा शब्द गेल्यावर मलाच कळलं की फार झालं.

त्याने रजिस्टर घेतलं. म्हणाला, "माझे वडील माझ्याशी बोलत नाहीत. बायकोच्या मागे निघालास तर मला तोंड दाखवू नकोस म्हणाले होते. सव्वा वर्ष झालं. मी फोन लावतो, आई उचलते, मागे त्यांचा खोकला ऐकू येतो." मग म्हणाला, "अरे, तुझे वडील तुझ्या घरात राहतात. मला तुझा किती हेवा वाटतो तुला माहितीये?"

मी 'सॉरी' म्हणालो. तो 'ग्रँड' म्हणाला. पण मत्सर काही सॉरी म्हटल्याने जात नाही. जुलैत प्रवासावरची बंधनं उठली आणि दोघं टॅलाला जायचं म्हणू लागले, तेव्हा गाडी मी काढतो म्हणालो ते उपकार म्हणून नव्हे. माझ्या मागे हे दोघं काय बोलतात ते मला बघायचं होतं.

सामोअन गृहस्थ दारातून आडवा होऊन बाहेर येईल असा धिप्पाड, पूर्वी रग्बी खेळायचा, आता गोदामात कामाला. बायको वृद्धाश्रमात नोकरीला. अंगणात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. ताटात उकडलेले कंद आले तसे बाबा हरखले, "हे तं अळूचे कंद, बाप्पा!" ती बाई सांगत होती, दोघांच्या पगारातून चर्चला, सासरी, माहेरी, कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मयताला, सारखं पाठवावं लागतं, नाही म्हणायची पद्धत नाही. मग हसत हसतच म्हणाली, "इथे मी रोज दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते. माझ्या आईला तिकडे माझी चुलतबहीण घालते." आमच्या प्राध्यापकाने बाबांसाठी त्याचं मराठी केलं. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि कंद खात राहिले.

कंबोडियन बाई टेकअवेच्या मागच्या दाराशी भेटली, दुकान उघडायला अजून वेळ होता. पन्नाशीच्या पुढची, बारीक अंगाची. एका फुटक्या बादलीत तिने गवती चहा लावला होता आणि बाबा आल्याबरोबर त्याचं पान चुरगळून हुंगत बसले. भाडं वेळेवर जातं, मुलगी फार्मसी शिकते, कर्ज नाही, सगळी उत्तरं ती पटापट देत होती. मग याने विचारलं, "भावंडं किती?" ती बाई भिंतीकडे बघायला लागली. याचं पेन तसंच अधांतरी. बाबांना इंग्रजी कळलं नसेल, पण ती कुठे बघतेय ते त्यांनी बघितलं. म्हणाले, "प्राध्यापक, पुढचा रकाना घ्या." तो म्हणाला, "पण काका, हाच तर..." "घ्या म्हणतो ना. माणूस भिंतीकडे पाहून राह्यला का तो रकाना कोराच ठेवायचा असते."

तिने आत जाऊन आम्हा तिघांसाठी गवती चहा करून आणला.

परतताना मागच्या सीटच्या दोन टोकांना बसून, मास्कमधून, दोघांची चर्चा. एका घरी नातेवाईक इतके की पगार पुरत नाही. दुसऱ्या घरी पगार उरतो, कारण तिकडच्या कत्तलींनंतर पाठवायचं कोणाला? मग सुस्थितीत कोण? डावीकडे लिहायचं की उजवीकडे? मी आरशातून बघत होतो. बाबांनी विचारपूर्वक मान हलवली आणि म्हणाले, "तुमची रेघच चुकली, प्राध्यापक." आणि तुलनेत ज्याला कोणी हरवलेलं मी पाहिलं नव्हतं, त्याने रजिस्टर मिटलं. मला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की हे असं मला कधी का नाही सांगितलं बाबांनी.

बाबांचे तीन महिने लांबतच गेले. त्या हिवाळ्यात त्यांनी एक काम केलं ते मला नंतर बायकोकडून कळलं. त्यांनी त्याच्याकडून त्याच्या साताऱ्याच्या घरचा नंबर घेतला आणि त्याच्या वडिलांना फोन लावला. "मी आर्वीचा गुरुजी बोलून राह्यलो. तुमचा पोरगा इथं रोज मले फिरवून आणते. म्हटलं तुम्हाले सांगावं." पलीकडून काय उत्तर आलं ते बाबांनी कोणालाच सांगितलं नाही. पण आठवड्याने त्याने घरी फोन केला तेव्हा वडिलांनी उचलला. दोनच शब्द बोलले: "जेवलास का?" ते तो आवारातल्या प्रत्येकाला सांगत सुटला, आयरिश आजींना याचं भाषांतर करून सांगताना त्याला रडू आलं आणि त्या बिचाऱ्या गोंधळून गेल्या, की जेवणात रडण्यासारखं काय आहे.

असे पाच-सहा फोन झाले असतील. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये साताऱ्याला दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. जायचं कसं, गेलं तर परत यायचं कसं, काहीच धड नव्हतं. भावाने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तो अंगणातल्या बाकावर बसला होता. बाबा खाली गेले. मी वरून बघत होतो. दोन मीटरचं अंतर एवढे दिवस जमेल तसं पाळत आलेले बाबा त्याला चिकटून बसले, त्याची कानटोपी काढून आपल्या मांडीवर ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मी दहावीत नापास होता होता राहिलो होतो, तेव्हाही बाबांनी माझ्या डोक्यावर असा हात ठेवला नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या माणसाचा बाप जळत होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता. लाज वाटली, पण हेवाही वाटला. मग मी चहा केला, तीन कप घेऊन खाली गेलो आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. त्या दिवशी चहाची तुलना झाली नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबा आर्वीला परतले. पुढच्या महिन्यात माझ्या बायकोच्या मैत्रिणीची कॉर्कला बदली झाली आणि तो तिच्या मागोमाग, छाती पुढे काढून, तिकडे गेला. अभ्यास पुरा झाला नाही. तिकडे कोणी सामोअन आहे का, हे शोधतोय म्हणाला.

आता मी रविवारी सकाळी आर्वीला फोन लावतो. बहुतेक वेळा लाइन बिझी असते. कोणाशी बोलताहेत ते मला माहीत असतं. पूर्वी मी चिडून दुसऱ्या दिवशी लावला असता. हल्ली थांबतो. गॅसजवळ उभा राहून पंधरा-वीस मिनिटांनी परत लावतो. बाबा 'हॅलो' म्हणतात तेव्हा मघाच्या कुठल्यातरी गोष्टीचं हसू त्यांच्या आवाजात अजून शिल्लक असतं. ते मी ऐकून घेतो, आणि मग विचारतो, "बाबा, काय चाललंय?"