मालवणची कंपाउंडरीण

कंपाउंडरीण बाय कोणत्याही औषधाला ‘नाही’ म्हणत नसे. चिठ्ठी हातात घ्यायची, डोळ्यांपासून लांब धरून वाचायची आणि म्हणायची, “आसा. खंय आसा तां बघतंय.” म्हणजे ते औषध जगात कुठेतरी आहे, एवढी खात्री ती आधी देई. मग माणूस बाकावर टेकला की शोध सुरू.

धर्मार्थ दवाखान्यात वीस-बावीस वर्षं मिक्श्चरं बनवून तिचे हात तयार झालेले होते. औषधविक्रीचा कायदा आला तेव्हा त्या अनुभवावर तिचं नाव सरकारी नोंदणीत लागलं आणि तिने मालवणच्या बाजारात एका दाराचं दुकान थाटलं. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. तिचं खरं नाव चिठ्ठ्यांवरच्या शिक्क्यात तेवढं असे. गावाला ती कंपाउंडरीण.

मी तिच्या समोरच्या दुकानात होतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे. महाराष्ट्र राज्य व्हायच्या वर्षभर आधीची गोष्ट. मूळचा मी कणकवलीचा, मुंबईत फार्मसीचा डिप्लोमा करून नुकताच परतलेला. घाटावर चार दुकानं असलेल्या एका शेठजींनी मालवणात पाचवं काढलं आणि मला नेमलं. काचेची कपाटं, रंगीत पाटी, बाहेर ‘सर्व औषधे मिळतील’ असा फलक. शेठजी पहिल्याच दिवशी समोर बोट दाखवून म्हणाले, “सहा महिन्यांत ते दार बंद झालेलं दिसेल.”

तसं दिसायलाही लागलं होतं. डॉक्टर आता तयार गोळ्या लिहून देत. बायच्या खलबत्त्याचा आवाज थांबला, तिच्या तपकिरी बाटल्या तशाच उभ्या राहिल्या. एका दुपारी आमचं दुकान बंद करत होतो तेव्हा ती रस्ता ओलांडून आली.

“ह्यो नव्यो गोळ्यो माका शिकव रे. तू पुस्तकातसून शिकलंस, मी हातान शिकलंय.”

“बाय, तुमचं मिक्श्चरचं दुकान...” मी म्हणालो.

“मिक्चर गेलां. ताप खंय गेलो?”

त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास ती माझ्याकडून शिकू लागली. कुठली गोळी कशावर, किती द्यायची, कुणाला द्यायची नाही. मी सांगे, ती लिहून घेई. महिन्याभरात तिचे प्रश्न असे येऊ लागले की मला रात्री पुस्तक उघडावं लागे. हे शेठजींना सांगायची गरज मला वाटली नाही.

सकाळी ती मासळीबाजारात जाई. बांगडे घेता घेता कोळणींना विचारी, कुणाच्या वाडीत खोकला आहे, कुणाची पोरं जुलाबाने पडलीत. परत येऊन ते वहीत उतरवी आणि पुढचा माल त्यावरून मागवी. आमच्याकडे माल शेठजींच्या पसंतीने येई. त्यामुळे आमच्या कपाटात शक्तिवर्धक बाटल्यांच्या रांगा, आणि खरजेचं मलम मात्र तिच्याकडे.

तिची मोठी चाल मला उशिरा कळली. वेंगुर्ल्याचा एक आणि कुडाळचा एक, असे दोन छोटे दुकानदार तिने गाठले होते. दोघेही तिच्यासारखेच मोठ्या दुकानांना घाबरलेले. ती त्यांना म्हणाली, “दुकानां तीन, पण कपाट एकच समजा.” तिघांची मागणी एकत्र जाऊ लागली, तशी मुंबईचा घाऊक व्यापारी त्यांना मोठ्यांचा भाव देऊ लागला. क्वचित लागणारं महागडं औषध तिघांपैकी एकानेच ठेवायचं आणि लागेल त्याला एसटीने पाठवायचं.

मग तो आषाढ आला. बोटी नेहमीप्रमाणे बंद होत्या, त्यात घाटात दरड कोसळली. शेठजींचा ट्रक पलीकडे अडकला. अशात देवबागचे एक शाळामास्तर भिजत आमच्या दुकानात आले. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला रोज इन्शुलिन लागे.

“आज सकाळी शेवटचं टोचलं,” ते म्हणाले. “तुमच्या फलकावर सगळं मिळतं असं लिहिलंय.”

आमच्याकडे एकही कुपी नव्हती. शेठजी त्या दिवशी दुकानातच बसले होते. मी मास्तरांचा हात धरला आणि शेठजींच्या देखत रस्ता ओलांडला.

बायने चिठ्ठी वाचली. “वेंगुर्ल्याक दोन आसत,” ती म्हणाली आणि छत्री घेऊन पोस्टात फोन लावायला गेली. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याहून कुडाळ, कुडाळहून मालवण, अशा दोन गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या हातून एक थर्मास दुपारी स्टँडवर उतरला.

“तुझे पाय तरणे आसत. सायकल काढ,” तिने मला सांगितलं. “तुझ्या शेटाचां मी बघतंय.”

तारकर्लीच्या पुढे वाळूत सायकल चालेना. ती खांद्यावर घेऊन मी देवबाग गाठलं. मुलगी खाटेवर पडली होती, पण शुद्धीत होती. संध्याकाळी तिने पेज मागितली, तेव्हा मास्तर दाराआड जाऊन रडले.

बातमी पसरायला एका दिवसाचा बाजार पुरला. त्यानंतर डॉक्टरच चिठ्ठी देताना सांगू लागले, “कंपाउंडरणीकडे जा.” पुढच्या पावसाळ्यापूर्वी शेठजींनी गाशा गुंडाळला. त्यांची काचेची कपाटं बायनेच घेतली. आमचीच जागा भाड्याने घेऊन तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून दुकान दोन दारांचं केलं, तेव्हा ती कपाटं जागची हलवावीसुद्धा लागली नाहीत.

मला वाटलं, ती मला ठेवून घेईल. मी तसं विचारलंही.

“मालवणाक दोन फार्मासिस्ट कित्याक?” ती म्हणाली. “कणकवली वाढतली. सगळ्यो यष्ट्यो थंयसून जातत. थंय दुकान घाल. आमका चवथो माणूस होयो.”

मला तेव्हा वाईट वाटलं. पण वर्षभरात कणकवलीच्या स्टँडजवळ माझी पाटी लागली. उद्घाटनाला बाय पहिल्या गाडीने आली. डॉक्टर यायचे होते, पाहुणे खोळंबले होते. मी तिच्या पाया पडायला वाकलो.

“पाया नंतर पड. जंताचां औषध दोन डझन दी. आमच्याकडचां संपलां.”

पाहुण्यांना तसंच ताटकळत ठेवून मी बाटल्या मोजल्या, गवतात गुंडाळल्या, खोक्याला सुतळी बांधली. तिने पैसे मोजून हातावर ठेवले आणि रीतसर पावती मागून घेतली. समारंभ आटोपल्यावर दुपारच्या गाडीत ती खिडकीशी बसली. गाडी वळेपर्यंत मी बघत होतो. माझ्या दुकानाची पहिली विक्री तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.