भट्टीपुढचं वचन

सदर बाजारातल्या दारूच्या भट्टीपुढे रोज संध्याकाळी एक ख्रिस्ती पेन्शनर थांबायचा. कामठीच्या पलटणीत होता म्हणे. मिशा अजून परेडवरच होत्या. काठी रोखून तो भट्टीला बायबलातलं वचन सुनवायचा, "सैतानाला अडवा, म्हणजे तो पळून जाईल." मग तो ताठ मानेनं पुढे जायचा.

मिशन कॉलेजात बायबलच्या तासाला बसल्यामुळे मला ज्ञान फार. एकदा मी त्याला गाठून म्हणालो, "काका, बायबलातच संत पौलानं तर पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय!"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दारूपायी बायको सोडून गेली होती गा. आत्ता कुठं वापस आली. अन् येशूले रानात भुलवाले आला, तवा सैतानालेबी शास्त्र पाठच होतं."

दुसऱ्या दिवशी तो भट्टीसमोरून मुकाट गेला. मला वाटलं, आपला मुद्दा पटला. तेवढ्यात त्याला मी दिसलो. काठी माझ्यावर रोखून त्यानं तेच वचन खणखणीत म्हटलं, आणि मी दिसेल त्या गल्लीत पळालो.

वचन खरं आहे, एवढी साक्ष मी देऊ शकतो.