हळद लावलेली बाई

हळदीचा वास आला की मला अजून तो टीव्ही आठवतो आणि शिसारी येते. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत सनीव्हेलला भावाकडे राहत होतो, तेव्हाची गोष्ट. माझ्या बायकोला जुने अमेरिकन खुनाचे पिक्चर भारी आवडायचे, ते काळेपांढरे, ओले रस्ते, हॅट घातलेले बाप्ये. इंग्रजी आम्हा दोघांचं बेताचंच, पण ती म्हणायची, "अहो, अंधार कळायला इंग्रजी कशाला लागतं?" मग ती आजारी पडली, खाटेवरून उठेना. तिचा सगळ्यात आवडता पिक्चर शनिवारी दुपारी टीव्हीवर लागणार होता, आठवडाभर तेवढ्यावर जगली. उशा लावून बसवली तिला. पिक्चर सुरू झाला आणि त्यातल्या नवऱ्याचा खून करणाऱ्या बाईचं तोंड पिवळंधमक! "या मेलीला हळद कुणी लावली?" ती म्हणाली. पुतण्या खूश, "काकू, जुना काळापांढरा पिक्चर कलर केलाय, न्यू टेक्नॉलॉजी!" डोंबलाची टेक्नॉलॉजी! मी उठून टीव्हीचं रंगाचं बटण पार शून्यावर पिळलं. रंग गेला, पण अंधार काही परत आला नाही, सगळं राख कालवलेल्या पाण्यासारखं. "राहू द्या हो," ती म्हणाली, "आता हिची भीतीच वाटत नाही," आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दिवाळीआधी गेली. ज्या नालायकांनी तो पिक्चर रंगवला, त्यांच्या तोंडाला काळं फासायला हवं होतं. परवा पुतण्या म्हणाला, "काका, आता ओरिजिनल मिळतो, लावू का?" म्हटलं, नको रे बाबा. भ्यायला शेजारी कोण आहे आता?