सूर्यचुलीचे शेअर

बिंदुमाधवराव बंगळुरातल्या बसवनगुडीत एका हायस्कुलात विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायचे. लग्न केलं नव्हतं. घरी थोरली विधवा बहीण, अहल्याक्का. ती लग्नघरी आणि मठात स्वयंपाकाला जायची. वीस वर्षं ओल्या सरपणाच्या धुरात बसून तिचे डोळे कायम लाल असत.

१९५५ साली मार्तंड नावाच्या नव्या कंपनीनं सूर्यचूल आणली. चकचकीत अॅल्युमिनियमची परात उन्हाकडे वळवायची, मधोमध भांडं ठेवायचं. शाळेच्या मैदानावर प्रात्यक्षिक ठरलं, आणि समजावून सांगायला कंपनीनं बिंदुमाधवरावांना बोलावलं. पाऊण तासात भात शिजला. आधी कानडीत, मग मराठीत ते म्हणाले, "सरपण नको, धूर नको. आपल्या बायकांचे डोळे वाचतील." समोर अक्का उभी होती.

त्या आठवड्यात शेअर घ्यायला झुंबड उडाली. बिंदुमाधवरावांनी स्वतःची शिल्लक घातली. अक्कानं पाटल्या काढून दिल्या. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर श्रीकांतराव म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. तू सांगतोस म्हणून घेतो." मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्यांनी त्यात घातले.

वर्षभरात भाव दुप्पट झाला. श्रीकांतराव विचारायला आले, "विकू का रे?"

"आत्ताच? अहो, सूर्य काय दिवाळं काढणार आहे?"

बिंदुमाधवराव हसत म्हणाले. श्रीकांतरावही हसले आणि परत गेले.

चुली मात्र खपेनात. बायकांना सकाळी सातला डबा करायचा असे, तेव्हा ऊन कोवळं. रात्रीच्या जेवणाला ऊन नाहीच. पावसाळ्यात तर चार चार महिने आभाळ भरलेलं. परातीची चकाकी सहा महिन्यांत गेली. अक्कानंही अंगणातली चूल काही दिवस वापरली. मग एकदा हळूच म्हणाली, "बिंदू, मठात दोनशे पानं वाढायची असतात रे. यावर स्वल्प भात होतो, तेवढाच."

अठ्ठावन्न साली कंपनी बंद पडली. कुणी पळून गेलं नव्हतं, कुणी लुबाडलं नव्हतं. चूल बनवणारा इंजिनियर हयवदन स्वतःच भिकेला लागला होता. कारखान्याच्या फाटकाशी तो बिंदुमाधवरावांना म्हणाला, "सर, माझा खरंच विश्वास होता." त्याच्यावर रागवायलाही जमेना.

बनशंकरीच्या देवळाकडे बिंदुमाधवरावांची थोडी जागा होती. ती विकून ते श्रीकांतरावांकडे गेले आणि पैसे पुढे ठेवले.

"उचल ते," श्रीकांतराव म्हणाले. "शेअर मी माझ्या हातानं घेतले." मग थांबून म्हणाले, "पण विकू का म्हणून विचारलं, त्या दिवशी तू हसायला नको होतंस."

"हसलो होतो मी?"

"हो."

त्यानंतर श्रीकांतराव रस्त्यात दिसले, की पलीकडच्या बाजूनं जायचे. मुलीचं लग्न दोन वर्षांनी एका बिजवराशी झालं. बोलावणं आलं नाही. मांडवात स्वयंपाकाला मात्र अक्का होती, आणि ती धुरात बसूनच होती.

पासष्ट सालापर्यंत अक्काची दृष्टी जवळजवळ गेली. बिंदुमाधवरावांनी रॉकेलचा स्टोव्ह आणला, पण तिला ज्योत दिसेना. मग शाळेआधी तेच स्वयंपाक करू लागले. ती दाराशी पाट टाकून बसे आणि साराच्या वासावरून सांगे, "सारू उतू चाललंय बघ."

एकदा वाढता वाढता त्यांनी विचारलं, "अक्का, तुझ्या पाटल्या गेल्या. तू मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? शेअर माझ्या डोळ्यांसाठीच घेतले होतेस ना?" ती ताटात चाचपडत म्हणाली. "मीठ कुठं वाढलंस?"

त्यांनी तिचा हात धरून मिठाकडे नेला.