अठ्ठावन्न तास चाळीस मिनिटं

विनीता देशमाने एका औषध कंपनीत कागद तपासते. गोळ्या आणि बाटल्या तिच्या हाताखालून जात नाहीत, त्यांच्या नोंदी जातात. किती वाजता मोजलं, कुणी मोजलं, मोजणाऱ्याची सही आहे की नाही. पेन्सिल चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. आणि एखादी नोंद खोटी निघाली तर ती एकटी जात नाही. सगळी बॅच जाते, चांगल्या गोळ्यांसकट. आठ वर्षं ती हे करत होती. तिथं कुणाला ती कठोर वाटत नसे, कारण कामच तसं होतं.

२००८ च्या फेब्रुवारीत तिच्या सासूनं, सुलभाबाईंनी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लर्नर्स परमिट काढलं. मेरीलँडमध्ये तेव्हा नवशिक्याचं वय कुणी बघत नसे. सोळाचा असो की त्रेसष्टचा, जाणता ड्रायव्हर शेजारी बसवून साठ तास गाडी चालवायची, त्यातले दहा अंधारात. प्रत्येक खेप वहीत लिहायची आणि शेवटी शेजारी बसणाऱ्यानं हे सगळं खरं असल्याची सही करायची. सही नसेल तर परीक्षा नाही.

विनीताचा नवरा मोहन आठवड्यातले चार दिवस कामासाठी रिचमंडला असे. म्हणजे शेजारी बसणार विनीताच.

"साठ तास कोण मोजत बसतंय?" मोहन जेवताना म्हणाला. "भरून टाक आणि सही कर. सगळे तेच करतात यार."

"मी नाही करत," विनीता म्हणाली.

"खरेच भरायचे," सुलभाबाई म्हणाल्या. "फुकटचे मार्क मी कधी कुणाला दिले नाहीत."

त्या सोलापुरात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नवरा गेल्यावर मुलाकडे आल्या, त्याला दोन वर्षं झाली होती.

"आज्जी, यू आर गोइंग टू बी सो बॅड अ‍ॅट धिस," अकरा वर्षांची आन्या म्हणाली.

"असेन. तू गणितात आहेस तशी."

सुलभाबाईंना लायसन्स कशासाठी हवं होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दोन गल्ल्या पलीकडे नंदा नावाची बाई घरी पाळणाघर चालवायची. तिला शाळा सुटल्यावर मुलांना गाडीतून आणायला आणि पाच वाजेपर्यंत त्यांचा अभ्यास घ्यायला कुणीतरी हवं होतं. काम सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होतं, आणि लायसन्स असेल तरच. "दोन वर्षांत मी या घरातून एकटी कुठे गेले असेन, तर टपालपेटीपर्यंत," सुलभाबाई एकदा नंदाला फोनवर म्हणाल्या. विनीता भांडी लावत होती. हे वाक्य ऐकून तिला जे वाटलं, ते बरं वाटण्याच्या फार जवळचं होतं.

चौदा वर्षांपूर्वी, लग्न झालं तेव्हा, मोहन ओहायोत शिकत होता आणि शिक्षण संपेपर्यंत बायकोला नेणं त्याला परवडणार नव्हतं. विनीता दोन वर्षं सोलापुरात सासरी राहिली. स्वयंपाकघरात दाराशेजारी कॅलेंडर होतं. तारखेच्या चौकोनात दुधाचे अर्धा-पाऊण लिटर लिहिलेले असत. दुधाच्या खाली, त्याच निळ्या पेनानं, सुलभाबाई सुनेची जाण्यायेण्याची वेळ लिहीत. वि. ४.१० ते ६.२५. त्यावर एक शब्द बोलत नसत. रविवारी मोहनचा फोन आला की कॅलेंडर खिळ्यावरून उतरून फोनपाशी जाई आणि आठवडा वाचून दाखवला जाई, वर्गातल्या हजेरीसारखा.

विनीताला तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीची नोकरी लागली होती. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी ती सव्वाआठला घरी आली. सकाळी दूध तापवताना तिनं चौकोनात पाहिलं. ९.१५ लिहिलं होतं. रविवारी तेच वाचलं गेलं.

"नोकरी सोड," मोहन फोनवर म्हणाला. "आईला काळजी वाटते."

"सव्वाआठ वाजले होते."

"एका तासानं काय फरक पडतो?"

तिनं नोकरी सोडली. उरलेले चौदा महिने चौकोनांत फक्त दूध होतं.

आता वही तिच्या हातात होती. छापील वहीत तारीख, वेळ, रस्ता आणि हवा एवढेच रकाने होते. विनीतानं पट्टी घेऊन आणखी एक आखला, गाडीच्या मीटरचा. निघताना किती मैल, परतताना किती. ती मिनिटांना ओढूनताणून पाव किंवा अर्धा तास करत नसे. एक्केचाळीस मिनिटं म्हणजे एक्केचाळीस. काच पुसण्यात, आरसा लावण्यात गेलेला वेळ धरत नसे. मोठ्या सिग्नलला गाडी थांबली की मनगटावरच्या घड्याळाकडे बघे आणि तेवढं वजा करी.

"लाल दिव्याला थांबणं हे गाडी चालवणं नाही का?" सुलभाबाईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"चाकं फिरत नाहीत."

"बरं," सुलभाबाई म्हणाल्या. पुन्हा विचारलं नाही.

विनीताला याचाच राग होता. ती वाट बघत होती की सासू कधीतरी मागेल. लिही ना गं एक तास, एवढंच. एकदा ते शब्द त्या तोंडून निघाले असते तर तिनं कदाचित एक काय, दहा तास लिहून दिले असते. निदान तिला तसं वाटे. सुलभाबाई मागत नव्हत्या. आधी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, मग गल्लीत, मग क्लॉपर रोडवर, दोन्ही हात स्टीअरिंगवर धरून, पाठ सरळ ठेवून त्या चालवत होत्या. चारही बाजूंनी थांबायच्या चौकात बाकीच्या तीन गाड्यांना हातानं जा, जा म्हणत, घंटा झाल्यावर वर्ग सोडावेत तशा. मागचा हॉर्न वाजवी.

"तुमची पाळी होती, आई."

"कळलं मला. पण तो लाल गाडीवाला फार उतावीळ होता. असल्या मुलांना आधी घालवलेलं बरं."

मे महिन्यात एकदा पावसामुळे दोघी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबून होत्या. वायपर चालू होते. ती मिनिटं अर्थात वजा होणार होती.

"तुम्ही कॅलेंडरवर लिहायचात," विनीता म्हणाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"लिहायचे."

"का?"

सुलभाबाईंनी विचार केला. "लिहिलं की मला झोप लागायची," त्या म्हणाल्या.

पाऊस कमी झाला तसा त्यांनी गिअर टाकला. विनीता सव्वानऊबद्दल विचारणार होती. शब्द तोंडात आले होते. पण तिला वाटलं, विचारलं तर आपणच मागितल्यासारखं होईल.

ऑगस्टमध्ये साठ तास नजरेच्या टप्प्यात आले. परीक्षा सत्तावीस तारखेला, बुधवारी ठरली. नंदानं सुलभाबाईंना मुलांची नावंसुद्धा लिहून दिली, आणि त्या ती पाठ करत होत्या.

सोळा तारखेला, शनिवारी, विनीताला मोहनची गाडी घेऊन कामावर जावं लागलं. रविवारी सकाळी वही उघडली तर शनिवारची ओळ भरलेली. मोहनचं अक्षर. दोन तास, स्वच्छ हवा. मीटरचा रकाना त्यानं अंदाजानं भरला होता, ६१,४१२. विनीता गाडीत बसली तेव्हा मीटरवर ६१,३७७ होते. शुक्रवारी परततानाही तेवढेच होते; गाडी शनिवारी जागची हललीच नव्हती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. कंपनीत ती त्याच क्षणी बोलली असती. उलट तिनं खाली रविवारची ओळ लिहिली, खरा आकडा घालून, आणि म्हणाली, "चला, आई." सोमवारी गेली. मंगळवारी गेली. पूर्ण आठवडा ती रोज संध्याकाळी त्या मेलेल्या वहीत नवी ओळ भरत राहिली. शेजारी सासू आता खरंच चांगलं चालवत होती आणि बेरीज रोज वर चढत होती. विनीताची झोप त्या आठवड्यात फार शांत होती.

चोवीस तारखेच्या रविवारी बेरीज अठ्ठावन्न तास चाळीस मिनिटं झाली. दुपारी जेवणं आटोपल्यावर विनीतानं टेबल पुसलं, वही मांडली आणि मोहनसमोर विचारलं, "आई, सोळा तारखेला तुम्ही गाडी चालवलीत?"

मोहननं मान वर केली. सुलभाबाई म्हणाल्या, "नाही."

"मग ही ओळ?"

"मोहननं लिहिली. मी बघितली."

"आणि गप्प बसलात."

"गप्प बसले," सुलभाबाई म्हणाल्या. "परीक्षा जवळ आली होती. मोह झाला."

विनीतानं पेन उघडलं. पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढली. रेघेवर लिहिलं, रद्द. खाली पूर्ण सही केली आणि तारीख घातली. पान उलटलं. अकरा पानं होती. तिनं घाई केली नाही. ज्या सहीसाठी सुलभाबाई सहा महिने गाडीत बसत होत्या, ती त्यांच्यासमोर अकरा वेळा झाली.

"वेडी आहेस का तू?" मोहन म्हणाला. "एका ओळीसाठी? दोन तास कमी कर, संपलं."

"तसं होत नसतं."

"ही तुझी कंपनी नाही, विनी. ही माझी आई आहे."

"कोण आहे ते मला माहीत आहे."

सुलभाबाईंनी वही ओढून घेतली आणि एकेक पान पाहिलं. चेहरा लाल झाला होता. ओठ हलले, आणि विनीताला वाटलं आता, आता येतंय. त्या म्हणाल्या, "आन्याला हाक मार. तिला माहीत असेल कोरी वही कुठे मिळते ते."

मोहन रिचमंडला गेला. सोमवारी विनीता कामावरून आली तेव्हा सुलभाबाई बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर इंटरनेटवरून छापलेली, स्टेपल केलेली कोरी वही, हातात गाडीची किल्ली.

"नंदाला फोन केला," त्या म्हणाल्या. "दुसरी बाई बघ म्हणून सांगितलं. परीक्षाही रद्द केली."

विनीता उभी राहिली. हेच हवं होतं. ती वाट बघत राहिली, आता छाती हलकी होईल म्हणून.

"मोहन शनिवार-रविवार बसेल तुमच्या शेजारी," शेवटी ती म्हणाली.

"रात्री तेच म्हणत होता. नको म्हटलं. तूच बस."

"मी का?"

"तुझं लिहिलेलं खोटं आहे असं कुणी म्हणू शकणार नाही." सुलभाबाईंनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "आणि त्या सव्वानऊचं तुला सहा महिने विचारायचंय. दर वेळी गाडीत बसलीस की विचारायचं असतं. सव्वाआठच वाजले होते. घड्याळ समोर होतं. मला सव्वानऊ हवे होते, म्हणून सव्वानऊ लिहिले."

रस्त्यावरून शेजाऱ्यांची गाडी गेली. त्यांनी हात केला. दोघींनी हात केला.

"मग माफी मागा," विनीता म्हणाली.

"मागितली तर सोडशील?"

विनीतानं खरंच शोधून पाहिलं. आत कुठे सुटलं आहे का, निदान सैल झालं आहे का. "नाही," ती म्हणाली.

"मग तुझाही वेळ जायला नको आणि माझाही. बस."

विनीता पर्स न ठेवताच गाडीत बसली. छापील वहीत मीटरचा रकाना नसतो. तो सुलभाबाईंनी आधीच पट्टीनं आखून ठेवला होता. विनीतानं आकडा लिहिला, वेळ लिहिली. सुलभाबाईंनी आरसा पाहिला, मागे पाहिलं आणि गाडी रस्त्यावर काढली. शाळेच्या पार्किंगकडे न वळता त्या सरळ गेल्या.

"इकडे कुठे?"

"हायवेला. मागच्या साठ तासांत तू मला एकदाही नेलं नाहीस."

टू-सेव्हन्टी हायवेला चढणारा रस्ता गोल वळसा घेऊन वर जातो आणि मग त्याची लेन हळूहळू बारीक होत संपते. सहाची गर्दी होती. सुलभाबाईंनी डावा दिवा लावला. मान पूर्ण मागे वळत नव्हती त्यांची, स्पॉन्डिलायटिस होता. तेवढं विनीताला बघावं लागे.

"जाऊ का?" त्यांनी विचारलं. डोळे समोर होते.

विनीतानं मागे पाहिलं. एक ट्रक येत होता, ज्या लेनमध्ये शिरायचं होतं तिच्यातच, न थांबणारा. तो तिला दिसत होता आणि सुलभाबाईंना दिसत नव्हता. ती बोलली नाही. पुढे त्यांची लेन बारीक होत चालली होती. ती तरीही बोलली नाही.

सुलभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. वेग तसाच धरून, हात न हलवता त्या म्हणाल्या, "तू सांगितल्याशिवाय मी जाणार नाही."

"थांबा," विनीता म्हणाली. "ट्रक आहे."

ब्रेक लागला. ट्रक गेला, गाडी त्याच्या वाऱ्यानं हलली. मागे जागा रिकामी झाली.

"आता?"

"आता."

सुलभाबाईंनी गाडी आत घातली. बराच वेळ पंचावन्नवर काटा ठेवून त्या सरळ जात राहिल्या.

"किती वेळ गप्प होतीस?" त्यांनी विचारलं.

"दोन सेकंद. तीन."

"लिही ते."

विनीतानं वही मांडीवर उघडली. हवा, रस्ता, वेळ. यासाठी रकाना नव्हता. तिनं समासात लिहायला घेतलं, पण चालत्या गाडीत अक्षर नीट उमटत नव्हतं.