आवर्तन

कालव्याला ठरावीक दिवसांनी पाणी सुटतं त्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. सुटलं की रान तुडुंब, मग पुढच्या आवर्तनापर्यंत भेगा. माझ्या इंजेक्शनला हे नाव धाकट्या भावानं दिलं. डोक्यातल्या ग्रंथीवरची गाठ काढल्यापासून माझं शरीर टेस्टोस्टेरॉन बनवायचं विसरलं होतं. त्यामुळे दर तीन आठवड्यांनी मळ्यातून नाशिकला जाऊन सुई घ्यायची. परतलो की भाऊ ओट्यावरून ओरडायचा, "दादाला आवर्तन सुटलं रे!" मीही हसायचो. माझ्या असल्या दुखण्यावर थट्टा करायची हिंमत फक्त त्याचीच होती, आणि मला त्यानं बरं वाटायचं.

पहिला आठवडा मी वाघ. पहाटेच बागेत, मजुरांवर डाफरणं, भाकरी दुप्पट, बायकोशी विनाकारण भांडण. दुसरा बरा जायचा. तिसऱ्यात चहाचा कपसुद्धा जड लागायचा. कुणी काही विचारलं तर 'हो' म्हणणं सोपं पडायचं, कारण 'नाही' म्हटलं की का ते सांगावं लागतं.

अशाच एका तिसऱ्या आठवड्यात भाऊ खाटेशेजारी येऊन बसला. रस्त्याकडची द्राक्षबाग काढून तिथं लग्नाचं लॉन्स करू म्हणाला. ती बाग वडिलांनी लावलेली. मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "तुला पटेल ते कर." पुढच्या सुईनंतर डोकं ताळ्यावर आलं तोवर जेसीबीनं वेली उपटून बांधाला लावल्या होत्या.

"दादा, तूच तर हो म्हणला व्हता," तो म्हणाला. म्हणालो होतोच. मी शिव्या घातल्या त्या स्वतःला.

पुढे एका नव्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. औषध तेच ठेवू, पण एकदम मोठा डोस घेतला की आधी चढणार आणि मग उतरणारच, म्हणाल्या. थोडं थोडं रोज घ्या. त्यांनी जेल दिलं. सकाळी आंघोळीनंतर खांद्याला चोळायचं, वाळेपर्यंत सदरा घालायचा नाही, लेकराला अंगाशी घ्यायचं नाही. काही महिन्यांत माझे आठवडे एकसारखे झाले. भावाला हे सांगायचं राहून गेलं, तो लॉन्सच्या बुकिंगमध्ये बुडालेला.

परवा दुपारी मी विहिरीकडच्या बागेतून आलो. आता तेवढीच उरली आहे. मागच्या दारी चपला काढत होतो, आत भाऊ माझ्या बायकोशी बोलत होता.

"वहिनी, दादाचं आवर्तन कधी हाय? विहिरीकडच्या बागेचा इषय काढायचा हाय, त्याच्या आधीच बोलून घेतो. मागल्या टायमाला तुम्ही सांगितलं, तर लय सोपं गेलं."

"आता आवर्तन नाय, भाऊजी," ती म्हणाली. "ठिबक बसवलंय."

ती हसली. कुणाला, ते मला अजून कळलेलं नाही. हातातली चप्पल तशीच राहिली. ज्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, त्यानं माझे पडायचे दिवस हेरून ठेवले होते, आणि ते त्याला माझ्याच स्वयंपाकघरातून कळत होते.

मी आत गेलो. भावानं आधी माझा चेहरा न्याहाळला, कितवा आठवडा ते बघायला. आजारी पडल्यापासून तो रोजच असं बघायचा. मला वाटायचं, काळजीनं बघतो.